साडेतीन हजारांचे दोन सिंह

माझा जावई फ्रेंच आहे, आडनाव लफेव्र. मुलगी शिकायला म्हणून फ्रान्समधल्या लीलला गेली आणि तिकडचीच झाली, तो विषय निराळा. यंदा गणपतीत दोघं सांगलीला येणार होते. जावईबापूंना काय द्यावं सुचेना. अंगठी घालत नाही, सफारीचं कापड घेऊन तो करणार काय? तेवढ्यात मोबाईलवर जाहिरात आली, 'तुमच्या आडनावाचा इतिहास आणि कुलचिन्ह, आकर्षक फ्रेममध्ये'. यादीत फ्रेंच आडनावंही होती. ३,४५० रुपये, घरपोच. मागवून टाकलं.

आधी चांगलं ते सांगतो. सोळाव्या दिवशी विश्रामबागेत घरी पार्सल आलं. थर्माकोल, चारी कोपऱ्यांना पुठ्ठा, काच शाबूत. फ्रेम भरीव लाकडाची. मी एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढलीत, ठोकून बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. सांधे चोख आहेत.

आत जुनाट दिसावा म्हणून चहात बुडवल्यासारखा पिवळा कागद. मधे ढाल, ढालीच्या दोन्ही बाजूंना सिंह, वर मुकुट. खाली दहा ओळी इंग्रजी: शूर घराणं, राजनिष्ठा, रणांगणातला पराक्रम. वाचून बरं वाटलं. म्हटलं, आपली पोरगी सरदाराच्या घरात पडली.

जावयानं फ्रेम हातात घेतली, आधी दोन्ही हात जोडून आभार मानले (पोरगीनं शिकवलंय), मग मान तिरकी करून बघत बसला. पहिली गोष्ट, त्याच्या आडनावात मधे एक 'बी' आहे, एल-ई-एफ-ई-बी-व्ही-आर-ई. फ्रेमवर बी नव्हता. तो म्हणाला, "अण्णा, असू द्या, दोन्ही एकच." पण मी कसला सोडतोय? बी लिहायचा, उच्चारायचा नाही, मग घातला कशाला? त्यावर त्यानं जे सांगितलं ते त्या कागदावर असतं, तर मी पाचपैकी सहा तारे दिले असते.

लफेव्र म्हणजे लोहार!

मी लोहार. आडनावानंही आणि बापाच्या धंद्यानंही. तासगावकडच्या आमच्या गावात वडिलांची लोहारसाळ होती, बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना भाता मीच ओढायचो. आणि इथं माझा जावई 'ल फेव्र', म्हणजे 'तो लोहार'. लॅटिनमध्ये लोहार-कारागीर म्हणजे फाबेर, त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये झालं फेव्र. पुढं लेखनिकांनी मूळ लॅटिन दिसावं म्हणून मधे बी खोचला. त्या काळी यू आणि व्ही ही अक्षरं वेगळी लिहीत नसत, त्यामुळं काहींनी तेच नाव 'लफेब्यूर' असं वाचलं, आणि तीही एक शाखा झाली. आमच्याकडं पवार आणि पोवार झाले तसंच.

गंमत म्हणजे हा फेव्र शब्द फ्रेंचमधून केव्हाच गेला. आज लोहाराला ते फोर्जेरों म्हणतात. जुना शब्द उरला तो आडनावात, आणि सोनारात. सोनार म्हणजे ऑर्फेव्र, सोन्याचा फेव्र. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठाला एक सोनारघाट आहे, तिथं आता सोनार नाहीत, पण पोलिसांच्या मुख्यालयामुळं तो पत्ता प्रसिद्ध झाला. जावयाचं आडनाव उत्तरेकडं फार, खाली दक्षिणेत तोच माणूस फाब्र किंवा फोर होतो, पश्चिमेला ब्रिटनीत ल गॉफ आणि पूर्वेला जर्मन सीमेवरच्या अल्सासमध्ये श्मिट. सगळे लोहारच! मी म्हटलं, आमच्या मिरजेत तलवारींना धार लावणारे शिकलगार सतारी बनवायला लागले आणि सतारमेकर झाले. त्यावर तो जेवायचं विसरून मिरजेला चला म्हणू लागला. मोदक थांबले.

आडनावं आली कशी, हेही त्यानंच सांगितलं. पूर्वी गावात नावं थोडी, झाँ दहा. मग कुठला झाँ? लोहार झाँ, पुलाजवळचा झाँ (दुपाँ), रानाकडचा झाँ (दुबुआ). हळूहळू ती नावं मुलांनाही लागली. १५३९ साली राजा पहिला फ्रान्स्वा यानं हुकूम काढला की पाद्र्यांनी बारशांच्या नोंदी ठेवायच्या. १७९२ मध्ये क्रांतिवाल्यांनी जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या चर्चकडून काढून नगरपालिकेकडं दिल्या, आणि १७९४ मध्ये कायदा केला की जन्मनोंदीत असेल तेच नाव लावायचं. आमच्याकडं हे काम शाळेच्या दाखल्यानं केलं. माझे चुलतभाऊ मुंबईला गेले ते गावाच्या नावावरून 'कर' लावतात, आम्ही लोहारच राहिलो. एकाच भट्टीचे दोघं.

मग सिंह कुठले? इथं कंपनीची खरी लबाडी आहे. फ्रान्समध्ये कुलचिन्ह आडनावाचं नसतं, एखाद्या माणसाचं किंवा घराण्याचं असतं. लोहार गावोगाव होते, तेव्हा हजारो लफेव्र, त्यांचं एकमेकांशी नातं असेलच असं नाही. सगळ्यांना एकच ढाल कशी? बरं, ढाल म्हणजे सरदारकी असंही नाही. १६९६ साली चौदाव्या लुईला लढायांसाठी पैसा हवा होता, तेव्हा त्यानं चिन्हं नोंदवायची मोहीम काढली, माणशी २० लिव्र फी. ज्यांच्याकडं चिन्ह नव्हतं अशा कारागिरांच्याही गळ्यात ते मारलं. म्हणजे आमच्या या कंपनीचा धंदा तीनशे वर्षं जुना म्हणायचा.

एक लफेव्र मात्र खरंच मोठा झाला, नेपोलियनचा मार्शल, अल्सासमध्ये जन्मलेला, डान्झिगचा ड्यूक. मार्शल हा शब्दही मुळात घोडे सांभाळणाऱ्याचा; घोड्याला नाल ठोकणाऱ्याला फ्रेंचमध्ये अजून मारेशाल-फेरां म्हणतात. म्हणजे मार्शल लफेव्र हा मूळ अर्थानं नालबंद लोहार. हे फ्रेमवर टाकायला काय झालं होतं?

कंपनीला मेल केला. 'डिअर कस्टमर, ही सजावटीची वस्तू आहे, परतावा नाही.' जाहिरातीत इतिहास लिहिलं होतं, सजावट नाही. पाचपैकी दोन तारे, तेही सुताराचे.

कुणाला अशी भेट द्यायचीच असेल तर पैसे घालवू नका. फ्रान्समध्ये जिल्हावार अभिलेखागारं आहेत, त्यांच्या जुन्या वह्यांचे फोटो नेटवर बहुतेक ठिकाणी फुकट बघता येतात. जावयाला तिथं त्याच्या घराण्यातली अठराव्या शतकातली लग्ननोंद मिळाली. खाली सहीच्या जागी नुसती फुली. नवऱ्याचा धंदा: विणकर. लोहार आडनावाचा विणकर! हसू नका, माझा मुलगाही लोहार आहे आणि बँकेत एक्सेल भरतो.

त्या पानाची रंगीत प्रिंट काढून मी हरभट रोडला एका फ्रेमवाल्याकडं गेलो. त्यानं काच उघडली, प्रिंट बसवली, ऐंशी रुपये घेतले. सिंहांचा कागद जाड होता, तो मागच्या बाजूला पाठ म्हणून लावलाय. पुठ्ठ्याचे पैसे वाचले.