‘कुणाला दिसणारसुद्धा नाही’ म्हणून घेतलेलं कानाचं यंत्र

‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फरक फक्त एका ‘स’चा. मी पतसंस्थेत रोखपाल आहे, २३ वर्षं काउंटरवर बसते, आणि दोन वर्षांपूर्वी हा ‘स’ मला ऐकू येईनासा झाला. बेदाण्याचे सौदे झाले की आमच्याकडे शेतकरी सभासदांची गर्दी असते. त्यातल्या एका आबांनी काचेपलीकडून सांगितलं, “पाचशेच्या साठ दे, बाकी शंभरच्या.” मी आठच नोटा मोजून बाजूला ठेवल्या आणि पुढे शंभरच्या मोजायला घेतल्या. आबा रागावले नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती अजून डोळ्यांपुढे आहे. तेव्हापासून मी प्रत्येकाला दोनदा विचारायला लागले. मग लोक मोठ्यानं बोलायला लागले. पतसंस्थेत माणूस आपला आकडा हळू आवाजातच सांगतो. माझ्यामुळे तो अख्ख्या हॉलला ऐकू जायला लागला, आणि याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटायचं.

यंत्र हवं होतं, पण दिसणारं नको होतं. मी ५४ वर्षांची. कानामागे यंत्र लावलेली रोखपाल बघून सभासद काय म्हणतील, साहेब मला काउंटरवरून उठवून जुन्या दप्तरांकडे बसवतील का, हेच डोक्यात. घरी ह्यांनाही बोलले नव्हते. एवढं सविस्तर सांगतेय, कारण फसवणारा नेमका याच जागी हात घालतो.

एका रात्री मोबाइलवर जाहिरात दिसली. कानाच्या आत बसणारं यंत्र, कुणाला दिसणारसुद्धा नाही, मोफत तपासणी. मी नंबर भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत फोन. पलीकडची मुलगी इतकं गोड बोलली की मला भरून आलं. “काकू, आता कुणाला कळणारच नाही, तुम्ही सांगाल तरच.” रविवारी सांगलीत एका लॉजच्या हॉलमध्ये शिबिर होतं, तिथे गेले.

ती तपासणी कशी होती ते नीट वाचा. हॉलमध्ये पंखा फिरत होता, खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न. पांढरा कोट घातलेल्या मुलानं टॅबला जोडलेला हेडफोन माझ्या कानावर चढवला आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. सहा-सात मिनिटांत दोन्ही कान आटोपले. बॅटरी घेऊन कानात कुणी डोकावून पाहिलं नाही. मधुमेह आहे का, कान कधी वाहिलाय का, आवाज घुमतात का, यातलं काहीही विचारलं नाही. मग स्क्रीनवर एक वाकडी रेघ दाखवून तो म्हणाला, “काकू, ७० टक्के कान गेलेत. अजून सहा महिने थांबलात तर मशीनही लागू पडणार नाही.” आधी डॉक्टरांना दाखवते म्हटलं, तर म्हणाला ते ऑपरेशनच सांगतील. तो आलेख कागदावर मागितला, तर रिपोर्ट फक्त कंपनीसाठी असतो असं उत्तर मिळालं.

किंमत ८४ हजार, आजच्या दिवशी ४२ हजार. सोळा चॅनेल, जर्मन चिप, पूर्ण डिजिटल. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ₹४९,५६०. दहा हजार तिथल्या तिथे फोनवरून भरले, बाकीचे कार्डावर हप्त्यांनी. रोज दुसऱ्यांचे पैसे मी दोनदा मोजल्याशिवाय हातातून सोडत नाही, आणि स्वतःचे असे देऊन आले.

नवव्या दिवशी कुरिअर आलं. काळ्या डबीत दोन यंत्रं, हरभऱ्याच्या दाण्याहून थोडी मोठी, डबीतच चार्ज होणारी. सोबत रबराच्या टोप्या, लहान, मध्यम, मोठी. दोन्ही यंत्रं हुबेहूब सारखी. त्यांवर ना नंबर, ना कंपनीचं नाव, ना उजवं-डावं काही. जी टोपी बसेल ती लावा आणि कानात घाला, असं फोनवर सांगितलं.

घातलं आणि पहिल्यांदा स्वतःचाच आवाज ऐकला. रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. चपाती चावली तरी डोक्यात धडधड. काउंटरवर बसले तर नोटा मोजायच्या मशीनची फडफड, पंख्याचा घोंगाट, खुर्ची सरकल्याचा आवाज, सगळं अंगावर यायला लागलं. माणसाचा शब्द मात्र होता तिथेच. ‘साठ’चा ‘स’ आलाच नाही. फोन कानाला लावला की यंत्र शिट्टी मारायचं. एकदा तर काचेपलीकडच्या बाईंनी विचारलं, “ताई, काहीतरी वाजतंय का हो?” कुणाला दिसू नये म्हणून घेतलेलं यंत्र सगळ्या रांगेला ऐकू जात होतं.

चौथ्या दिवशी फोन केला. “काकू, मेंदूला सवय लागायला तीन महिने लागतात. काढून ठेवू नका.” अकराव्या दिवशी तेच. विसाव्या दिवशी डोकं दुखून मी रजा टाकली होती, तेव्हाही तेच. हे अर्धसत्य आहे आणि म्हणूनच ते जास्त लागतं. नव्या यंत्राची सवय व्हायला खरंच काही आठवडे जातात, हे मला नंतर चांगल्या डॉक्टरांनीही सांगितलं. पण चांगला माणूस त्या आठवड्यांत तुम्हाला पुन्हा पुन्हा बोलावून यंत्र जुळवून देतो. इथे बिलाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत ‘माल परत १५ दिवसांच्या आत’ असं छापलं होतं आणि ‘तीन महिने थांबा’ म्हणत त्यांनी ते दिवस काढले. नंतर म्हणाले, डावं यंत्र सर्व्हिसिंगला पाठवा, ट्यूनिंगचे ३,५०० भरा. मी भरले आणि पाठवलं. ते यंत्र परत आलं नाही. पुढे फोनही लागेना.

त्या रात्री ह्यांना सगळं सांगितलं. हे काही बोलले नाहीत, सकाळी गाडी काढली आणि मला मिरजेला घेऊन गेले.

मिरजेच्या कान-नाक-घसा डॉक्टरांनी पहिल्या मिनिटात उजव्या कानातून मळाचा काळा, कडक खडा काढला. त्या बाजूचं बरंचसं ऐकू येणं त्याच मळानं अडवलं होतं. शिबिरातल्या तपासणीत तो मळही ‘गेलेल्या कानात’ धरला गेला होता. मग ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ, म्हणजे ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी मला जाड दाराच्या, आवाजबंद खोलीत बसवलं. दार लागलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो, अशी ती खोली. तपासणी पाऊण तास चालली. कानावर हेडफोन लावून झाली, मग कानामागच्या हाडावर एक छोटं यंत्र टेकवून झाली, आणि शेवटी मॅडमनी हळू आवाजातले शब्द ऐकवून माझ्याकडून म्हणवून घेतले. मी तिथेही ‘साठ’ला ‘आठ’च म्हटलं.

आलेख त्यांनी माझ्या हातात दिला आणि समजावला. आडव्या रेघेवर आवाजाची पट्टी, २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे जाड आवाजाकडून बारीककडे. उभ्या रेघेवर किती डेसिबलला, म्हणजे आवाज किती मोठा केल्यावर मला ऐकू आलं तो आकडा. २५ पर्यंत ठीक. माझं ५०० हर्ट्झला २५, म्हणजे जवळजवळ चांगलं. १,००० ला ३५, २,००० ला ५० आणि ४,००० ला ६५. रेघ उजवीकडे उतरत गेलेली. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर जाड पट्टीत असतात, ते मला येतात, म्हणून बोलणं ‘ऐकू येतं’. ‘स’, ‘श’, ‘फ’ वरच्या पट्टीत, ते येत नाहीत, म्हणून ‘कळत नाही’. इतके दिवस मी घरी हेच सांगत होते, पण मला ते मांडता येत नव्हतं. ‘७० टक्के’ असं त्या कागदावर कुठेच नव्हतं. कानाचा हिशेब टक्क्यांत सांगून कुणी घाबरवायला लागला, तर तिथून उठा.

उरलेलं उजवं यंत्र मॅडमनी एका छोट्या तपासणीच्या पेटीत ठेवून कॉम्प्युटरवर पाहिलं. ते सगळ्या आवाजांना सरसकट मोठं करत होतं, आणि सगळ्यात जास्त मोठं नेमकं जिथे माझा कान चांगला आहे तिथे. कॉम्प्युटरला जोडून माझ्या आलेखाप्रमाणे बसवायची त्यात सोयच नव्हती. चॅनेल, चिप सगळं खोटं. तो नुसता आवाज वाढवणारा डबा होता, आणि जास्त मोठा आवाज रोज कानात गेला तर उरलेला कानही बिघडू शकतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

कानाच्या आत बसणारी यंत्रं मुळातच वाईट असतात असं मात्र नाही. माझ्या समोरच तिथे एका तरुण वकिलांच्या कानाचं माप घेत होते. आधी दिव्यानं कानात पाहिलं, मग दोरा बांधलेला स्पंजचा बारीक गोळा आत सरकवला, पडद्यापर्यंत काही जाऊ नये म्हणून. मग पिचकारीतून गुलाबी लगदा कानात भरला. पाच मिनिटांनी तो घट्ट झाल्यावर अलगद फिरवून बाहेर काढला, तर कानाचा आतला सगळा वळणावळणाचा रस्ता हातावर आला. प्रत्येक कानाचा साचा वेगळा, माझा उजवा माझ्या डाव्यालाही चालत नाही. या साच्यावरून यंत्राचं कवच बनतं, म्हणून खऱ्या यंत्रावर उजव्याला लाल आणि डाव्याला निळी खूण असते आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असतो. माप न घेता, तीन टोप्या देऊन ‘खास तुमच्यासाठी’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, माझ्या कानाचा साचा कुठे आहे?

त्यातले प्रकार मॅडमनी टेबलावर मांडून दाखवले. सगळ्यात आत जाणारं आयआयसी, त्याच्या अलीकडे ओढायचा दोरा बाहेर राहणारं सीआयसी, थोडं दिसणारं आयटीसी, आणि कानाची वाटी भरणारं आयटीई. जितकं लहान, तितकी ताकद आणि बॅटरी कमी. सीआयसीत पिवळ्या स्टिकरची १० नंबरची बॅटरी लागते, ती जेमतेम आठवडाभर चालते. बोटं थरथरत असतील किंवा नजर कमी असेल, तर ती बदलणं दर आठवड्याची कटकट होते. मळ जास्त होणाऱ्यांचं यंत्र लवकर चोंदतं. कान वाहत असेल तर आत काही घालायचंच नाही. कान फारच कमी ऐकत असेल तर एवढ्याशा यंत्राची ताकद पुरत नाही. इतक्या लहान कवचात दोन माइक मावत नाहीत, त्यामुळे गर्दीत समोरच्याचा आवाज वेगळा उचलणं त्याला अवघड जातं. आणि माझं काम तर गर्दीतलंच.

माझ्या बाबतीत जाड आवाज चांगले येत असल्यामुळे कान बंद करणारं कुठलंही यंत्र रांजणासारखंच वाजणार होतं, खरं आणि महागडं असलं तरी. त्यांनी कानामागे बसणारं, केसासारख्या बारीक तारेचं, कानात उघडी टोपी असणारं सुचवलं, आणि आठ दिवस घरी वापरून बघायला दिलं. आठही दिवस मी ते काउंटरवर लावलं. कुणी विचारलं नाही. जोडीचे ₹७१,००० झाले. बिलावर दोन्ही यंत्रांचे क्रमांक होते आणि जीएसटीचा रकाना रिकामा. तेव्हा समजलं, श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे. माझ्याकडून घेतलेले ₹७,५६० कुठल्याच सरकारचे नव्हते.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांनी जाहिरातीच्या मागे लागण्याआधी जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. अपंगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना आहे, मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि ६५ वर्षांवरच्यांसाठी राज्याच्या वयोश्री योजनेतून ₹३,००० मिळतात. ऑडिओलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तो क्रमांक विचारायला अजिबात संकोच करू नका. आणि कान अचानक, एक-दोन दिवसांत गेला असेल किंवा एकाच बाजूचा जात असेल, तर यंत्र नंतर. आधी डॉक्टर, तेही त्याच दिवशी. तिथे उशीर झाला तर भरून निघत नाही.

मी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन अर्ज भरला. विक्रेता दुसऱ्या राज्यातला असला तरी २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं, आणि पाच लाखांच्या आतल्या दाव्याला फी नाही. पहिली नोटीस ‘पत्ता सापडला नाही’ म्हणून परत आली, दुसरी गेली आहे. कार्डाचे हप्ते अजून चालू आहेत. पुराव्याला माझ्याकडे बिल, काळी डबी, मॅडमचा पेटीतल्या तपासणीचा अहवाल आणि एकच यंत्र आहे. दुसरं मी माझ्या हातानं पार्सल करून त्यांना देऊन टाकलं. तुमच्याकडे असं यंत्र आलं असेल तर सर्व्हिसिंगच्या नावाखाली ते हातातून सोडू नका, आणि त्यांचे सगळे मेसेज जपून ठेवा.

पुढची तारीख लागली की मी रजा टाकून स्वतः जाणार आहे. नवी यंत्रं लावून जाईन, म्हणजे समोरची बाजू काय बोलते ते मला शब्द न् शब्द ऐकू येईल.