हळकुंड दळणं आणि हळदीवर चुना पडणं

सांगलीत हळदीची पावडर होताना पाहिली की भौतिक बदल म्हणजे काय ते कळतं. दगडासारखं कडक हळकुंड गिरणीत जातं, पिठासारखं मऊ होऊन बाहेर येतं. आकार बदलला, पण आतलं कुरकुमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा पदार्थ, तेच. रंग, वास, चव सगळं जागच्या जागी.

आता त्याच पावडरीत पाणी घालून चुन्याची निवळी टाका. पिवळाधमक रंग बघता बघता लालभडक होतो. इथे कुरकुमिनच्या रेणूतून हायड्रोजन आयन निघून जातो, म्हणून हा रासायनिक बदल. पांढऱ्या सदऱ्यावरचा आमटीचा डाग साबण लागताच लाल होतो, तोही असाच.

शाळेत एक खूण शिकवतात: उलट फिरवता येतो तो भौतिक, येत नाही तो रासायनिक. मला ही खूण मुळीच पटत नाही. लाल हळदीवर लिंबू पिळा, ती पुन्हा पिवळी होते. पावडरीचं हळकुंड मात्र कुणालाच परत करता येणार नाही! म्हणून मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवावं: पदार्थ तोच राहिला की वेगळा झाला?

तासगावच्या बेदाण्यात तर दोन्ही बदल एकाच मण्यात दिसतात. द्राक्षातलं पाणी उडून जातं तो भौतिक, आणि सुकताना साल तपकिरी पडते तो रासायनिक.