कयाकवर ‘यूव्ही कोटिंग’ करून देणाऱ्यांपासून सावध राहा

प्लास्टिकच्या कयाकवर (वल्ह्याने चालवायच्या छोट्या, अरुंद होडीवर) पारदर्शक ‘यूव्ही कोटिंग’, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारा लेप, करून देतो, पाच वर्षं उन्हाची काळजी नको, असं सांगत कोणी दारात आलं तर त्याला अंगणातूनच परत पाठवा. आमच्याकडून त्याने कयाकमागे २,५०० रुपये नेले. खरं नुकसान त्यानंतर झालं. मे संपता संपता वॉटर स्पोर्ट्स बंद होतात, कयाक उचलून ठेवायची वेळ येते, आणि हा माणूस नेमका त्याच सुमाराला आला होता. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मालवणजवळ देवबागला कर्ली खाडीच्या काठावर आमचं छोटं होमस्टे आहे. पाहुण्यांना कांदळवनाच्या कडेने फिरवण्यासाठी आम्ही कयाक ठेवतो. वर बसायच्या, जाड प्लास्टिकच्या, दोघांच्या. अशी एक नवी घ्यायची तर ३० हजारांच्या पुढेच जावं लागतं. सासऱ्यांनी त्यांच्यासाठी माडाच्या झापांचा मांडव घातला होता. आमच्याकडे वर ओढलेल्या होड्या पूर्वीपासून झापांखालीच ठेवत आले आहेत.

तो आला तो पेटी घेऊनच. आधी त्याने अंगणातल्या कयाकवर बोट फिरवून रंग कसा उतरलाय ते दाखवलं. मग पेटीतून जांभळ्या उजेडाचा टॉर्च काढला आणि शंभराच्या नोटेवर धरला. नोटेचे आकडे आणि बारीक धागे चमकले. मग नोटेवर एक पारदर्शक तुकडा ठेवला, “हा लेप न लावलेला”, आणि नोट तशीच चमकत राहिली. दुसरा ठेवला, “हा लेप लावलेला”, आणि चमक विझली. “बघा ताई, किरण आत जातच नाहीत. एकदा लेप बसला की पाच वर्षं बघायला नको.”

पुढे एका ओळखीच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच ओळखलं. दोन तुकडे दोन वेगळ्या प्लास्टिकचे असणार. पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक कसलाही लेप नसताना अतिनील किरण अडवतं, साधी पॉलिथिनची पातळ पट्टी अडवत नाही. लेपाचा त्यात काही संबंधच नव्हता.

त्याने आधी गावातल्या एका फायबरच्या होडीवर काम केलं होतं आणि ते खरोखर छान दिसत होतं. ती होडी दाखवूनच त्याने आम्हाला तयार केलं. फायबरच्या होडीला वरून जेलकोट, म्हणजे कडक, चकचकीत थर असतो. त्यावर लॅकर, वॅक्स, पॉलिश नीट धरतं. फायबरची सर्फ स्की (लांब, अरुंद कयाक) असेल तर तिलाही हेच लागू. आमच्या कयाक मात्र पॉलिथिनच्या, साच्यात भुकटी वितळवून एकसंध ओतलेल्या. पॉलिथिनला रंग किंवा वार्निश चिकटत नाही, त्याचा पृष्ठभागच तसा असतो. त्याला उन्हापासून वाचवणारं रसायन साच्यात घालायच्या आधीच प्लास्टिकमध्ये मिसळावं लागतं. गच्चीवरच्या काळ्या टाक्यांमध्ये काजळी मिसळलेली असते ती याचसाठी. कयाक तयार झाल्यावर वरून पुसलेल्या लेपाने ते काम होत नाही.

आणि मग ती गोष्ट, जिचा मला अजून संताप येतो. लेप लावून झाल्यावर तो म्हणाला, “आता हा मांडव काढा. उन्हात तापला तरच लेप पक्का होतो.” वॉरंटी कार्डावरही छापलं होतं : झाकून ठेवल्यास वॉरंटी रद्द. म्हणजे खरं संरक्षण त्याने आमच्याच हातून मोडून घेतलं. सासरे नाराज होते. “उन्हाक सावली होयी, लेप कित्याक?” एवढंच ते म्हणाले. पण कार्ड छापील होतं, माणूस गोड बोलत होता, शेजारची होडी चकाकत होती. मांडव उतरला.

त्या पावसाळ्यात कयाक उघड्यावर राहिल्या. ढगांमधूनही अतिनील किरण येतात आणि उघडीप पडली की ऊन तर थेटच. नंतरचा सगळा हंगामही त्या तशाच तापल्या. लेप कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटायला लागला. लाल कयाक गुलाबी झाली. हात फिरवला की खडूसारखी पूड लागायची. उन्हाने पॉलिथिनच्या लांब साखळ्या तुटतात, आधी लवचिकपणा जातो आणि मग प्लास्टिक ठिसूळ होतं. पाणी निथळायच्या भोकांभोवती केसासारख्या चिरा दिसू लागल्या, आणि एक कयाक रेतीवरून ओढताना तळाशी फाटली. किनाऱ्यावर फाटली म्हणून बरं. हेच खाडीच्या तोंडाशी, ओहोटीच्या ओढीत, दोन पाहुणे वर बसलेले असताना झालं असतं तर? हा विचार आला की अजून झोप लागत नाही.

फोन अर्थातच बंद. बिलावर पत्ता पुण्याचा, पण जीएसटी क्रमांक २४ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा कोड २७, गुजरातचा २४. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर हा १५ अक्षरांचा क्रमांक कोणालाही तपासता येतो. आम्ही तपासला तेव्हा तो कापडाच्या व्यापाऱ्याच्या नावावर निघाला. त्या बिचाऱ्यालाही याचा पत्ता नसणार. पैसे देण्याआधी मोबाइलवर हे दोन मिनिटांत कळतं.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यातही लेखी अर्ज दिला. कोणी तुम्हाला म्हणेल, तुमचा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही. आम्हालाही तेच ऐकवलं गेलं. पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरलेली नाही. घरच्या माणसांनी चालवलेल्या होमस्टेवाल्यांनी, बचत गटांनी हा मुद्दा अर्जात स्पष्ट लिहावा. जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बिल, वॉरंटी कार्ड, यूपीआयची नोंद, सुटलेल्या लेपाचे फोटो, सगळं जपून ठेवा. आमची तक्रार अजून चालू आहे.

मांडव पुन्हा उभा केला आहे. कयाक पालथ्या किंवा कुशीवर, रुंद पट्ट्यांवर ठेवतो. हँडलला टांगत नाही, एकावर एक घट्ट रचत नाही, कारण तापलेलं पॉलिथिन दाबाखाली वाकतं आणि तळाला पोचा पडतो. झाकण असलेला कप्पा असेल तर झाकण किंचित सैल. वरून ताडपत्री टाकायची तर ती कयाकला चिकटू द्यायची नाही, मध्ये वारा खेळायला हवा, नाहीतर खाली उष्णता आणि ओल कोंडते. कयाकवर मारायचे यूव्ही स्प्रे मिळतात, त्यांतले चांगले थोडीफार मदत करतात. पण ते दर महिना-दीड महिन्याने पुन्हा मारावे लागतात आणि चांगली कंपनी तसं बाटलीवरच लिहिते. लाइफ जॅकेट आणि त्यांचे पट्टेही सावलीतच ठेवा. उन्हाने कुजलेला पट्टा वरून ठीक दिसतो आणि ओढ बसली की तुटतो.

ताडपत्री घेतानाही वजन करून घ्या, तिथेही फसवणूक चालते. १८ बाय १२ फुटांची ताडपत्री २०० जीएसएमची (म्हणजे एका चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची) म्हणून विकली जात असेल तर ती साधारण चार किलो भरायला हवी. अडीच किलो भरली तर ती १२०-१२५ जीएसएमची आहे, लेबल काहीही सांगो. अशी पातळ निळी ताडपत्री एका हंगामात चिंध्या होऊन खाडीत जाते.

तो माणूस आता अलिबागला असेल, गोव्यात असेल, कुठल्या तरी धरणाच्या बोट क्लबवर असेल. पेटी उघडून टॉर्च दाखवायला लागला तर त्याला सांगा, तुझे तुकडे ठेव बाजूला. आमच्या मोडक्या कयाकचा हा तुकडा घे, अर्ध्या भागावर लेप लाव, वाळला की त्यावर चिकटपट्टी दाबून खेचून दाखव, आणि मग हा तुकडा पुढचे दोन महिने आमच्या छपरावर राहील. पैसे त्यानंतर.