एका खाटेचे अकरा हजार

माझ्या भावानं रंगवलेली पणती मी शंभरांतून ओळखते. ओल्या रंगाला त्याचा अंगठा लागतो, मग तो डाग झाकायला तो वर आणखी एक टिकली काढतो आणि ती बाकीच्यांपेक्षा मोठी होते. तो चौतीस वर्षांचा आहे. बौद्धिक अक्षमता आहे. अठराव्या वर्षी विशेष शाळा सुटली, तेव्हापासून डोंबिवलीतच एका कार्यशाळेत जातो. एवढी पारख असूनही मागच्या दिवाळीत मी साठ खोकी भलत्याच पणत्या ‘आपल्या मुलांनी केलेल्या’ म्हणून सोसायटीत खपवून दिल्या.

त्या पणत्या देणारा माणूस मला कार्यशाळेच्या फाटकाबाहेर भेटला, संध्याकाळी पालक न्यायला येतात त्या वेळी. चाळिशीचा, साधा शर्ट, खांद्याला शबनम. पैशाचं नाव काढलं नाही. “ताई, घरी कोण कोण असतं?” म्हटलं, मी आणि आई, आई एकाहत्तरची. जरा थांबून म्हणाला, “मग तुमच्यानंतर?”

ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. त्यावर आम्ही मायलेकी दिवा मालवल्यावरच बोलतो. यानं तो प्रश्न भर रस्त्यात विचारला आणि उत्तरही शबनममधून काढलं. बदलापूरच्या पुढं अर्धा एकर जागा, अठरा वर्षांवरच्यांसाठी चाळीस खाटांचं निवासी घर, पालकांचाच ट्रस्ट. भाषा पक्की. अशा मुलांचा निरामय आरोग्य विमा, कायदेशीर पालकत्व, ते मंजूर करणारी स्थानिक स्तर समिती, सगळं तोंडपाठ. बौद्धिक अक्षमता वगैरे असलेल्यांसाठीच्या सरकारी राष्ट्रीय न्यासाचा १९९९ चा कायदा मला आईच्या पालकत्वाच्या अर्जापुरता माहीत होता, याला पुढचंही येत होतं. न्यासाच्या ‘घरौंदा’ या निवासी घरांच्या योजनेत मंजुरी मिळालीय म्हणाला. लॅमिनेट केलेलं नोंदणीपत्र, फोटोंचा अल्बम. एका खाटेचे अकरा हजार, आणि देणाऱ्याच्या माणसाला आधी प्रवेश.

‘आधी प्रवेश’ ऐकलं आणि माझं डोकं चालायचं थांबलं. नाव देणगीचं होतं, पण खरं सांगायचं तर मी भावासाठी जागा धरत होते.

यूपीआय करताना पडद्यावर कुणा बाईचं नाव आलं. विचारलं. “खजिनदार आहेत, ट्रस्टचं खातं केवायसीत अडकलंय.” बँकेच्या केवायसीला आपण सगळेच पिडलेले, पटलं. मग मी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. नऊ घरांनी प्रत्येकी २,१०० रुपये रोख दिले. त्यानं दिलेल्या पणत्यांची साठ खोकी, प्रत्येकी २५० ला. माझे धरून एकूण ४४,९०० रुपये गेले.

पावती होती, बरं का. चांगल्या जाड कागदावर, ‘८०जी खाली करसवलतीस पात्र’ असं छापलेली. ट्रस्टचा पॅन आणि ८०जीचा नोंदणी क्रमांक मात्र कुठंच नव्हता. कोथिंबिरीच्या जुडीमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी मी, त्या पावतीची मागची बाजूही बघितली नाही. चांगल्या कामाचे कागद काय तपासायचे, उलट लाज वाटली.

जूनमध्ये वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. बँकेतून निवृत्त, अजून जुन्या करपद्धतीनं रिटर्न भरतात. “अगं, त्या देणगीचं १०बीई आलं का?” मला शब्दच नवा. ते म्हणाले, ८०जी असलेल्या संस्थेनं वर्षभरातल्या देणगीदारांची यादी आयकर खात्याला द्यायची असते आणि ३१ मेपर्यंत प्रत्येकाला हे प्रमाणपत्र. मग स्वतःशीच पुटपुटले, “दोन हजारांवर रोख दिलं की ८०जी मिळतच नाही. आणि मी एकवीसशे काढून दिले, शकुनाचा आकडा म्हणून.”

त्याचा फोन बंद. नोंदणीपत्रावरचा क्रमांक धर्मादाय कार्यालयात दाखवला, तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका व्यायामशाळेच्या ट्रस्टचा निघाला. राष्ट्रीय न्यासाच्या संस्थांच्या यादीत यांचं नाव नाही. दिव्यांगांसाठी संस्था चालवायची तर दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते, तेही मला याच धावपळीत कळलं. आणि बदलापूर? डोंबिवलीहून लोकलनं अर्धा तास. मी एकदाही गेले नव्हते. आता गेले, तर सांगितलेल्या जागी कुणाची तरी भेंडी लावलेली.

घरी उरलेलं एक खोकं उघडून बसले. सगळ्या टिकल्या एका मापाच्या. एका पणतीच्या तळाला डझनाचा भाव लिहिलेलं, नखानं अर्धवट खरवडलेलं लेबल. सुबक म्हणजे खोटं असं मी म्हणत नाही, आमच्याकडची दोन-तीन मुलं साच्यातून काढल्यासारखं काम करतात. पण साठ खोक्यांत एकाचाही हात हलला नाही?

१९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर ते खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मला आठ महिने झाले होते. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, तिथं विचारलं, इतके दिवस काय करत होता? रास्त प्रश्न. नऊ घरांचे पैसे मी माझ्या ठेवीतून परत केले. दोघांनी घेतलेच नाहीत, ते जास्त टोचतं.

यंदा आमच्या खऱ्या कार्यशाळेचं टेबल गेटपाशी लागलं, तर लोक लांबूनच बघून जायला लागले. माझ्यामुळे. कार्यशाळेच्या बाईंनी मग धर्मादाय नोंदणी, ८०जीचं पत्र आणि संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, तिन्हींच्या प्रती प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून भावाच्या हातात दिल्या. चार दिवस तो फोल्डर छातीशी धरून बसला होता. कुणी पणतीला हात लावला की पुढं करायचा, “आधी हे वाचा.” काकांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचलं आणि मोठ्या टिकलीच्या बघून तीन डझन घेतल्या.