अमेरिकेत पीए करू की एनपी?

पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट आणि एनपी म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर, दोघंही डॉक्टर नसले तरी पेशंट तपासतात आणि औषधं लिहून देतात. पगाराचं आधीच सांगून टाकते, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. अमेरिकी सरकारच्या लेबर ब्युरोचे मे २०२४ चे आकडे बघितले तर फिजिशियन असिस्टंटचा मधला पगार वर्षाला साधारण १ लाख ३३ हजार डॉलर आणि नर्स प्रॅक्टिशनरचा १ लाख २९ हजार. चार हजारांचा फरक, तेवढ्यासाठी करिअर ठरवू नका प्लीज. कुठल्या राज्यात आणि कुठल्या स्पेशालिटीत काम करता त्याने जास्त फरक पडतो, कॅलिफोर्नियात एनपीची सरासरी दीड लाखाच्या वर जाते पण घरभाडंही तसंच.

खरा फरक रस्त्यात आहे. एनपीला आधी आरएन (रजिस्टर्ड नर्स) असावंच लागतं, म्हणजे महाराष्ट्रातून बीएस्सी नर्सिंग करून एनक्लेक्स (अमेरिकेतली नर्सिंग लायसन्सची परीक्षा) पास झालेल्या मुलींचा अर्धा रस्ता झालेलाच आहे आणि पुढचं मास्टर्स बऱ्याच जणी नोकरी सांभाळून करतात. पीएला नर्सिंग लागत नाही, पण डिग्री, सायन्सचे विषय, पेशंटसोबत कामाचे तास (बऱ्याच कॉलेजांना हजारभर तरी हवेत) आणि मग साधारण २७ महिने फुलटाइम, त्यात नोकरी जवळजवळ विसराच. भारतातली डिग्री असेल तर सायन्सचे काही विषय इथे परत करायला लावतात, ते अर्ज करायच्या आधी विचारून घ्या. आणि हो, भारतातलं एमबीबीएस असलं तरी थेट पीए होता येत नाही, कोर्स करावाच लागतो.

कामाचं म्हणाल तर पीएचं शिक्षण सगळ्या ब्रँचचं असतं, आज ऑर्थोपेडिकच्या ओटीत सर्जनला असिस्ट करून शेवटचे टाके घालणारा पीए उद्या स्किनच्या क्लिनिकमध्ये गेला तरी नवीन डिग्री लागत नाही. एनपीला फॅमिली, लहान मुलं, मानसिक आजार असा ट्रॅक सुरुवातीलाच निवडावा लागतो, बदलायचा तर परत सर्टिफिकेट कोर्स.

माझं स्पष्ट मत, आधीच नर्स असाल तर एनपीच करा, पीएसाठी पुन्हा शून्यापासून सुरुवात कशाला. सर्जरीची ओढ असेल आणि नर्सिंग केलेलं नसेल तर पीए. स्वतःचं क्लिनिक हवं असेल तर एनपीला जास्त वाव आहे, निम्म्याहून जास्त राज्यांत डॉक्टरशी करार न करता प्रॅक्टिस करता येते, पण टेक्सासमध्ये तो करार लागतोच, म्हणून कुठे राहणार ते आधी ठरवा.