दुर्बीण विकणारा म्हणाला, ‘काका, डोळं झाकून घ्या!’

कोल्हापूर-बेळगाव हायवेवर कोगनोळी टोलनाक्याच्या अलीकडं-पलीकडं कुणी तुम्हाला ‘दुपारी या, माल हातात घ्या, मगच पैसे द्या’ असं सांगून रायफलची झूम दुर्बीण विकायला बोलवत असेल, तर जायच्या आधी हे वाचा. माझे साडेचौदा हजार गेलेत. बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यात नेमबाजीचा नाद असलेली मंडळी थोडी नाहीत, आणि हा माणूस नेमका त्यांनाच हेरतो.

२०२४ च्या ऑगस्टात कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं आणि राधानगरीपासून आमच्या खानापूरपर्यंत पोरांच्या अंगात नेमबाजी संचारली. आमच्या भाच्याच्याही. त्याच्याकडं पॉइंट वन सेव्हन सेव्हनची (म्हणजे ०.१७७ इंची छर्र्याची) स्प्रिंगवाली एअर रायफल आहे. शेताच्या बांधाला मातीचा ढीग रचून, कागदी टार्गेट लावून वीस-पंचवीस मीटरवर छर्रे मारत असतो. नळीच्या टोकावरच्या नुसत्या माशीवर नेम धरून कंटाळला, म्हणून दुर्बीण बघत होतो. (डुकरं-माकडं टिपायला दुर्बीण हवी असलेल्यांनी इथंच थांबावं. बंदूक हवेची आहे की दारूची, याच्याशी १९७२ च्या वन्यजीव कायद्याला काही देणंघेणं नाही.)

जाहिरात मोबाइलवर आली. ‘६-२४×५०, अमेरिकन कंपनी, मिलिटरी ग्रेड, एकदाच वापरलेली.’ म्हणजे सहा पटीपासून चोवीस पटीपर्यंत झूम आणि पुढची काच ५० मिलिमीटरची. माणूस बोलायला लोण्यासारखा. ‘काका, डोळं झाकून घ्या, चोवीस पट हाय! ऑलिंपिकवालीपण हेच लावत्यात.’

हे दुसरं वाक्य जो म्हणेल, त्याच्याकडून टाचणीसुद्धा घेऊ नका. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीला परवानगीच नाही. मागं बारीक भोकाची डायऑप्टर साइट आणि पुढं एक कडी, एवढ्यावर ते लोक ५० मीटरवरचं १०.४ मिलिमीटरचं दहाचं वर्तुळ गाठतात. कुसाळेच्या रायफलीचे फोटो सगळीकडं आहेत, झूम करून बघा.

भेटायची वेळ त्यानं दुपारी एकची दिली. त्यामागचं गणित नंतर समजलं. पुढच्या काचेच्या व्यासाला पटीनं भागलं की डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ५० भागिले २४ म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुलीच दोन-तीन मिलिमीटरला आकसलेली असते, त्यामुळं तेवढा झोत पुरतो आणि कसलीही काच झकास वाटते. टोलनाक्यावरच्या लांबच्या पाटीवरचं कन्नड अक्षर न् अक्षर मला वाचता आलं. संध्याकाळी तीच बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडते आणि दोन मिलिमीटरचा झोत अंधुक पडतो. साधी ३-९×४० नऊवर ठेवली तरी साडेचार मिलिमीटरच्या आसपास झोत देते. त्यामुळं दिवेलागणीला ती जास्त उजळ दिसते, आणि छर्र्याच्या अंतराला नऊ पट भरपूर झाली. अस्सल मालालाही हे गणित चुकत नाही. आमच्याकडं आलेल्या मालाच्या काचेवर कोटिंगही धड नव्हतं. सूर्य जरा बाजूला आला की आत दुधाळ धुकं दिसायचं.

चोवीस पट तरी खरी होती का? तीही नाही. हे घरबसल्या तपासता येतं, आणि पैसे देण्याआधी टोलनाक्यावरही तपासता येतं. सूर्य टाळून दुर्बिणीचं पुढचं तोंड उजळ आभाळाकडं करायचं आणि डोळा लावतो त्या बाजूला तीन-चार इंचांवर पांढरा कागद धरायचा. कागदावर प्रकाशाची टिकली उमटते. कागद मागं-पुढं करून टिकलीची कड स्वच्छ आली की पट्टीनं मोजायचं. चोवीसच्या खुणेवर ती दोन मिलिमीटर यायला हवी होती. आमची तीनच्या वर आली. ५० ला तीननं भागा: सोळा-सतरा. म्हणजे रिंगवर चोवीस कोरलंय, आत सोळासुद्धा धड नाहीत. भाचा म्हणाला, ‘मामा, हे म्हणजे दूधवाल्याचं माप झालं.’

खरा दगा मात्र झूमच्या रिंगमध्ये होता. दुर्बीण रायफलीवर न चढवता वाळूच्या पिशवीवर घट्ट बसवली आणि आतली नेमाची फुली लांबच्या मोबाइल टॉवरच्या टोकावर आणली, सहा पटीवर. मग दुर्बिणीला धक्का न लावता रिंग हळूहळू फिरवत नेली. फुली टॉवरवरून सरकत सरकत शेजारच्या नारळीच्या झावळीत जाऊन बसली. परत सहावर आणली, तर पहिल्या जागी येईना. झूम करताना आतल्या भिंगांची नळी सरळ रेषेत सरकायला हवी. स्वस्त मालात ती वाकडी सरकते. अशा दुर्बिणीला तुम्ही आठ पटीवर कितीही निगुतीनं झिरो करा, म्हणजे फुली आणि छर्रा एका जागी आणा, बारावर नेलीत की छर्रा भलतीकडं. झूमसाठी पैसे मोजायचे आणि झूमला हातच लावायचा नाही, असा हा कारभार.

क्लिकचंही तसंच. फुली वर-खाली, डावी-उजवीकडं सरकवायच्या डायलवर एक चतुर्थांश एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) लिहिलेलं, म्हणजे शंभर यार्डांवर एका क्लिकला साधारण पाव इंच आणि पंचवीस यार्डांवर इंचाचा सोळावा भाग. वीस क्लिक वर, वीस उजवीकडं, वीस खाली, वीस डावीकडं दिले की फुली निघाली तिथंच परत यायला हवी. आमची येत नव्हती.

हे सगळं कमी होतं म्हणून की काय, मालच चुकीच्या जातीचा होता. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का दुहेरी असतो. पिस्टन पुढं सुटतो तेव्हा रायफल मागं येते आणि पिस्टन पुढं जाऊन थांबतो तेव्हा ती पुढं झटका खाते. बंदुकीच्या दुर्बिणी मागच्या धक्क्याला टिकतील अशा बांधलेल्या असतात, पुढचा झटका त्यातल्या कित्येकींची आतली भिंगं ढिली करतो. म्हणून स्प्रिंगरसाठी ‘एअरगन रेटेड’ असंच मागायचं. दुसरं म्हणजे पॅरॅलॅक्स, डोळा हलला की फुलीही हललेली दिसते तो दोष. मोठ्या रायफलच्या बऱ्याच दुर्बिणींत तो फक्त शंभर यार्डांला जाईल असं कायमचं बसवलेलं असतं. वीस मीटरवर डोळा जरा हलला तरी फुली टार्गेटवर हलते. छर्र्याच्या बंदुकीला पुढच्या काचेवर किंवा बाजूला अंतराची रिंग हवी, दहा मीटरपर्यंत खाली येणारी. त्याला हे विचारलं होतं. ‘ह्यात ऑटोमॅटिक हाय,’ म्हणाला. असलं ऑटोमॅटिक काही नसतं.

भाच्यानं डबीभर छर्रे मारले असतील-नसतील, एका संध्याकाळी आतली फुली तिरकी झाली. नळी हलवली की खुळखुळ आवाज.

मग संकेश्वरच्या एका ओळखीच्यांकडं तीच दुर्बीण असल्याचं समजलं. दोघांनी खालचा सिरियल नंबर फोनवर वाचून दाखवला: पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. शेवटचे आकडे ४४१७. अस्सल कंपनी दोन दुर्बिणींना एक नंबर देत नाही. तिच्या साइटवर तो नंबर टाकला तर सापडलाच नाही. कंपनीचा यात दोष नाही, तिच्या नावावर हा माल खपवला जातो.

तक्रारीचं सांगतो. यूपीआयवर पैसे गेले ते कुठल्यातरी रिचार्जच्या दुकानाच्या नावावर, फोन नंबर तिसऱ्याच माणसाचा. एका ठाण्यात म्हणाले, माणूस महाराष्ट्रातला, तिकडं जा. तिकडच्या ठाण्यात म्हणाले, व्यवहार कर्नाटकात झाला, इकडं काय? त्यानं हद्दीवरची जागा उगाच निवडली नव्हती. सीमाभागात जन्म गेलेल्यांना ‘हा आमच्या हद्दीत येत नाही’ हे काय नवीन आहे म्हणा! पण भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम दोन्हीकडं सारखंच लागू आहे, आणि हद्द कुठलीही असली तरी झिरो एफआयआर नोंदवता येतो. लेखी अर्ज घेऊन गेल्यावर आणि हे शब्द तोंडातून काढल्यावरच पोच मिळाली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही नोंद केली. पैसे पुढं सरकायच्या आत गोठवायला ती सोय चांगली, आमचं बिंग उशिरा फुटलं. ग्राहक आयोगात २०१९ च्या कायद्याप्रमाणं आपण राहतो तिथं, म्हणजे बेळगावलाच दावा लावता येतो, पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. तो मिळवणं चालू आहे.

दिवाळीनंतर तीच जाहिरात नव्या नंबरवरून आली. आता ‘८-३२’ लिहिलंय आणि भाव अठरा हजार झालाय. फोटो मोठा करून बघितला, नळीखाली ४४१७ च दिसतंय. भाच्यानं त्या नंबरवर गिऱ्हाईक बनून मेसेज टाकलाय, ‘संध्याकाळी सातला भेटूया का?’ म्हणून. उत्तर आलं, ‘नाही काका, दुपारीच या.’