‘आंतरराष्ट्रीय शालेय ग्रंथपाल’ प्रमाणपत्र : नाशिकमध्ये पैसे भरण्याआधी हे वाचा

बी.लिब., एम.लिब. (ग्रंथालयशास्त्राच्या पदव्या) करून नोकरी शोधणाऱ्यांसाठी हे लिहितेय. नाशिकमध्ये सध्या ‘आंतरराष्ट्रीय शालेय ग्रंथपाल प्रमाणपत्र परीक्षा’ या नावाने एक कोर्स विकला जातोय. फी ३८,००० रुपये, वर ‘परीक्षा नोंदणी’ म्हणून ९,५००. मी दोन्ही भरले, परीक्षा दिली, ८७ टक्के पडले आणि लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र कुरिअरने घरी आलं. ते कुठल्याही शाळेत चालत नाही. क्लासचं नाव इथे देत नाही. तक्रार चालू आहे आणि नाव तर ते दर हंगामात बदलतात. पद्धत तीच राहते, म्हणून ती सांगते.

आमच्या क्षेत्रात हा धंदा चालतो याला कारण आहे. अनुदानित शाळांत ग्रंथपालाची जागा निघणं म्हणजे दुर्मीळ गोष्ट, आणि निघाली तरी बहुतेकदा अर्धवेळ. मुक्त विद्यापीठ नाशिकलाच, गोवर्धनला, त्यामुळे नोकरी सांभाळून बी.लिब. झालेल्यांची इथे वाण नाही. त्यातले निम्मे कुठल्यातरी वाचनालयात तुटपुंज्या मानधनावर देवघेवीच्या काउंटरला बसलेले असतात. मीही त्यातलीच. दुसरीकडे शहराबाहेर मोठमोठ्या इंग्रजी शाळा उभ्या राहतायत. तिथे लायब्ररीला लायब्ररी म्हणत नाहीत, काचेच्या भिंती असतात आणि पगार आमच्या मानधनाच्या कितीतरी पट. सगळ्यांचे डोळे तिकडे लागलेले असतात, हे क्लासवाल्यांना बरोबर ठाऊक आहे.

“मॅडम, बी.लिब. तर आता रस्त्यावर पडलेत,” क्लासच्या संचालकांनी मला गंगापूर रोडच्या ऑफिसात ऐकवलं. “इंटरनॅशनल स्कूलला सर्टिफाइड लायब्ररियन लागतो. अमेरिकेत परीक्षा दिल्याशिवाय शाळेत लायब्ररियन होताच येत नाही. तीच परीक्षा आपण इथे आणली.”

यातलं अमेरिकेबद्दलचं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. थापच मारली असती तर कुणीही ओळखली असती.

डेमो लेक्चर तर उत्तम झालं. शिकवणारे सर वेगळे होते, वयस्कर, एका कॉलेजातून निवृत्त झालेले. त्यांनी टेबलावर पाच-सहा पुस्तकं ठेवली आणि ड्यूई दशांश वर्गीकरणाचे, म्हणजे पुस्तक कुठल्या कपाटात जाईल ते ठरवणारे विषयक्रमांक आमच्याकडून काढून घेतले. मराठी कवितासंग्रहाला ८९१.४६१, नकाशांच्या पुस्तकाला ९१२. एका मुलीने कवितासंग्रहाला ८९१.४३१ दिला, तर ओरडले नाहीत, “हिंदीच्या कपाटात गेलं की तुझं पुस्तक, वाचक कुठे शोधणार?” एवढंच म्हणाले. असा शिक्षक असेल तर क्लास खोटा कसा असेल, असंच कुणालाही वाटेल. पुढे कळलं की त्यांना तासावर बोलावलं होतं आणि त्यांचेही पैसे बुडवले. परीक्षा कोण घेणार, प्रमाणपत्र कोण देणार, याची त्यांना कल्पनाच नव्हती.

फी भरल्यावर स्पायरल बाइंडिंगची नोट्सची वही मिळाली. अमेरिकेतल्या बालसाहित्याच्या पुरस्कारांवर त्यात आख्खं प्रकरण. १९२२ पासून दिलं जाणारं न्यूबेरी पदक, १९३८ पासूनचं चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डेकॉट पदक, कोणाला कशासाठी मिळतं, सगळं पाठ करायचं. कॉपीराइटचं प्रकरण होतं, पण तेही अमेरिकन कायद्याचं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ कुठेच नाही. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती सार्वजनिक ग्रंथालय स्वतःच्या वापरासाठी काढू शकतं, अशी रोजच्या कामाची तरतूद त्या कलमात आहे. महाराष्ट्राचा १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदाही गायब. मी विचारलं, तर संचालक म्हणाले, “इंटरनॅशनल आहे मॅडम, त्यात महाराष्ट्राचं कशाला येईल?”

झेरॉक्स करताना मूळ पुस्तकाच्या पानांचा खालचा भाग कापून टाकला होता. काही पानांवर मात्र ‘५३१२’ हा आकडा अर्धवट राहून गेला होता. दीडशे पानांच्या वहीत पान क्रमांक ५३१२? आम्ही त्यावर हसायचो. पुढे त्याच आकड्याने सगळं उलगडलं.

परीक्षेची तारीख दोनदा पुढे गेली आणि मग ते ९,५०० रुपये आले. नोंदणी डॉलरमध्ये होते, परदेशी संस्थेला पाठवायचेत, असं कारण. प्रत्यक्षात पैसे मागितले एका व्यक्तीच्या यूपीआयवर. डॉलरचं पेमेंट फोनपेवरून कसं होणार, हे आमच्या बॅचमधल्या एका पोराने ग्रुपवर विचारलं, तर ॲडमिनने त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. त्याच सुमारास प्रत्येकाचं मूळ पदवी प्रमाणपत्र ‘व्हेरिफिकेशनसाठी’ जमा करून घेतलं. शेवटी परीक्षा झाली ती गुगल फॉर्मवर, आपापल्या घरी, आपापल्या मोबाईलवर. हॉलतिकिटाला मात्र गोल शिक्का, बारकोड, आसन क्रमांक, सगळा थाट.

प्रमाणपत्र घेऊन मी एका शाळेत मुलाखतीला गेले. प्राचार्य बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “हे कुठल्या राज्याचं लायसन्स?” मी म्हटलं, आंतरराष्ट्रीय आहे. “असं काही नसतं हो,” त्या म्हणाल्या, आणि फार सौम्यपणे म्हणाल्या. त्यांची बहीण अमेरिकेत शाळेत शिकवते. मग माझी बी.लिब.ची मार्कशीट मागितली आणि पुढची सगळी मुलाखत त्या मार्कशीटवरच झाली.

प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर एक वेबसाइट उघडते आणि आपलं नाव, ‘व्हेरिफाइड’, हिरवी खूण दिसते. ती वेबसाइट क्लासचीच. ज्याने कागद छापला त्यालाच कागद खरा का म्हणून विचारायचं, असा तो प्रकार.

खरी गोष्ट अशी आहे. अमेरिकेत प्रॅक्सिस नावाच्या परीक्षा असतात. परदेशी शिकायला जाणारे जीआरई आणि टोफेल देतात, त्या घेणारी ईटीएस हीच संस्था प्रॅक्सिसही घेते. त्यात शालेय ग्रंथपालाचा एक पेपर आहे आणि त्याचा क्रमांक ५३१२. दोन तास, १२० बहुपर्यायी प्रश्न. आमची वही म्हणजे त्याच्या तयारीच्या कुठल्यातरी पुस्तकाची झेरॉक्स. पण तो खरा पेपर पास झालेल्यालाही ईटीएस ‘ग्रंथपाल’ करत नाही, फक्त गुण कळवते. परवाना तिथलं प्रत्येक राज्य आपापल्या नियमाने देतं. टेक्साससारखं राज्य प्रॅक्सिस न घेता स्वतःचा वेगळा पेपर घेतं. जगभर चालणारं शालेय ग्रंथपालाचं एकच प्रमाणपत्र अमेरिकेतही मिळत नाही, तर ते गंगापूर रोडला कुठून मिळणार?

आपल्याकडे काय चालतं तेही सांगते, कारण क्लासवाले यावर मुद्दाम गोंधळ घालतात. केंद्रीय विद्यालयाच्या जाहिरातीत ग्रंथालयशास्त्राची पदवी किंवा कुठलीही पदवी अधिक ग्रंथालयशास्त्राची एक वर्षाची पदविका मागतात. सीटीईटी ही केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आहे, ग्रंथपालासाठी नाही. ‘ग्रंथपाल सीटीईटी बॅच’ अशी पाटी दिसली तर तिथूनच माघारी फिरा. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या नेमणुका १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे होतात. ती मिळवून ग्रंथपालाच्या अर्हतेची नोंद स्वतः वाचा, दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नका. पदवी दूरशिक्षणाची असेल तर विद्यापीठाला त्या कोर्सची मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर वर्षनिहाय पाहता येतं. शासनाच्या ग्रंथालय प्रमाणपत्र वर्गाची चौकशी करायची असेल तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. तिथे कुणी डॉलर मागत नाही.

मूळ पदवी प्रमाणपत्र परत मिळवणं हे सगळ्यात जिकिरीचं काम झालं. ‘हेड ऑफिसला गेलंय’, ‘उद्या या’, ‘आधी बॅलन्स क्लिअर करा’. कसला बॅलन्स, ते कुणी सांगेना. शेवटी माझे मामा सोबत आले. ते आवाज चढवत नाहीत, फक्त समोर बसतात. त्यांनी ऑफिसातल्या मुलीला एवढंच सांगितलं, “बाळा, तू लिहून दे की कागद तुमच्याकडे आहे आणि तुम्ही देत नाही. सही कर. मग आम्ही जातो.” पोरीने आत फोन लावला आणि थोड्या वेळात कागद खणातूनच निघाला. हेड ऑफिस म्हणजे तो खण. तेव्हा मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका. पडताळणीला साक्षांकित प्रत पुरते, आणि विद्यापीठं पडताळणी स्वतः करून देतात.

पैशांचं म्हणाल तर ९,५०० परत आले, ३८,००० अजून नाहीत. ऑनलाईन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी समोरचं खातं गोठवलं जाण्याची शक्यता जास्त. आमच्या वेळी खातं केव्हाच रिकामं झालं होतं. पोलीस ठाण्यात आधी “हा तुमचा आपसातला फीचा वाद आहे” असं ऐकायला मिळालं. आम्ही बॅचमधले काहीजण एकत्र गेलो, खोटं हॉलतिकीट आणि क्यूआर कोडची वेबसाइट दाखवली, तेव्हा अर्ज घेतला. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे; जुनं ४२० लिहिलेला अर्ज आणला म्हणून एकाला परत पाठवलं होतं. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते आणि मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर नोंद केली तर समोरच्याला नोटीस तरी पोचते. आमचे ९,५०० परत आले ते त्या नोटिशीनंतर.

या सगळ्यात कामाला आले ते व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज. क्लासने दिलेल्या पावत्या कच्च्या होत्या, त्यावर ना नोंदणी क्रमांक ना धड सही. ‘१०० टक्के प्लेसमेंट’, ‘शासनमान्य’, ‘फी परत मिळेल’ हे सगळं लेखी असं फक्त ग्रुपवरच होतं. तक्रारीची कुणकुण लागताच ॲडमिनने मेसेज उडवायला आणि एकेकाला काढायला सुरुवात केली. तुम्ही अशा एखाद्या ग्रुपमध्ये असाल तर आधी चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करून ठेवा, मग काय ते विचारा.